विजेची बेगमी

लाईट गेली तर काय, या प्रश्नाला महाराष्ट्रानं गेल्या शंभर वर्षांत दोन वेगळी उत्तरं दिली आहेत. लातूर, नांदेड, अकोल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात जिन्याखाली किंवा बाल्कनीच्या कोपऱ्यात इन्व्हर्टर आणि त्याची जडशीळ बॅटरी असतेच. घर बांधताना तिची जागाही ठरलेली असते. वरळी कोळीवाड्यासारख्या मुंबई बेटावरच्या जुन्या वस्तीला मात्र ही सवय कधी लागली नाही. कोळी घराला साठवणीचं महत्त्व कळत नाही, असं कोणी म्हणू शकणार नाही. जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढल्यावर काय खायचं, याची तजवीज उन्हाळ्यातच सुक्या बोंबलांनी आणि सुकटीनं करणाऱ्या या वस्तीला बेगमी कोणी शिकवावी? विजेची बेगमी तिनं घरात केली नाही, कारण ती दुसरीकडे, सगळ्या शहरासाठी एकत्र केलेली होती: लोणावळा, मावळ आणि मुळशीच्या धरणांत. राखीव वीज सामायिक ठिकाणी साठवली तेव्हा ती शतकभर टिकली आणि घराघरांत वाटली गेली तेव्हा तिचं आयुष्य चार-पाच वर्षांवर आलं, असं हा इतिहास पाहिल्यावर माझं मत झालं आहे. घरगुती बॅटरी किती वर्षं चालते, या प्रश्नाचं खरं उत्तर कंपनीच्या वॉरंटी कार्डापेक्षा या इतिहासात जास्त सापडतं.

मुंबईत वीज आली ती आधी कोळशाच्या वाफेवर. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीनं, म्हणजे आजच्या बेस्टच्या पूर्वजानं, वाडी बंदरला छोटं वीजघर उभारलं, आणि १९०७ मध्ये शहरात विजेची ट्राम धावली. पण परळ, लालबाग, वरळीच्या गिरण्यांना लागणारी शक्ती एवढ्यानं भागणारी नव्हती. गिरण्या दूरवरून येणाऱ्या कोळशावर चालत, त्यांच्या धुरानं गिरणगाव काळवंडलेलं असे. सह्याद्रीच्या कड्यावर पडणारा अफाट पाऊस अडवून तो कोकणात सोडावा आणि त्यावर वीज करावी, ही कल्पना डेव्हिड गोस्लिंग यांची. जमशेटजी टाटांनी ती उचलली. १९०४ मध्ये त्यांचं निधन झालं आणि पुढचं काम दोराबजींनी तडीस नेलं. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी निघाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. लोणावळा, वळवण आणि पुढे शिरवटा या तलावांचं पाणी नळांतून घाटाखाली उतरू लागलं आणि १०० किलोव्होल्टच्या वाहिनीनं वीज परळला येऊन पोहोचली. १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही वीजघरं त्यात भरीला आली. ही योजना नुसती वीज बनवण्याची नव्हती, हे इथं महत्त्वाचं आहे. सह्याद्रीत पाऊस चार महिने पडतो आणि गिरण्या बारा महिने चालतात. त्यामुळे धरणं बांधण्याचा मुख्य हेतूच साठवण हा होता. कोळशाचं वीजघर थंड अवस्थेतून पुन्हा चालू व्हायला कित्येक तास घेतं. पाण्याचा संच मात्र झडप उघडताच काही मिनिटांत पूर्ण जोरानं फिरू लागतो. गरज पडेपर्यंत थांबायचं आणि पडली की लगेच धावायचं, हेच तर बॅकअपचं काम.

ही साठवण आणि घरातली बॅटरी एकाच मापानं मोजून पाहावी. इन्व्हर्टरला सर्रास लावली जाणारी १२ व्होल्टची, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १.८ युनिट वीज धरते. ती रोज तळापर्यंत रिकामी केली तर लवकर मरते, म्हणून शहाणा माणूस निम्मी-साठ टक्के वापरतो. त्यातलीही थोडी इन्व्हर्टर खातो, त्यामुळे हाती जेमतेम एक युनिट लागतं: तीन पंखे, चार दिवे, चार-एक तास. आता छपरावर असते तशी हजार लिटरची पाण्याची टाकी घ्या. तेवढंच पाणी लोणावळ्याच्या तलावातून खोपोलीच्या वीजघरात, म्हणजे सुमारे पाचशे मीटर खाली उतरलं, तर गळती-घर्षण वजा जाता त्यातून एक युनिटहून थोडी जास्त वीज निघते. म्हणजे टाकीभर पाणी आणि पन्नासेक किलोंची बॅटरी यांची ताकद जवळपास सारखी. फरक आयुष्याचा आहे. बॅटरीतलं शिसं आणि आम्ल प्रत्येक भरण्या-उतरवण्याबरोबर थोडं झिजतं. पाणी झिजत नाही, ते दर पावसाळ्यात नव्यानं येतं. टर्बाइन बदलावी लागते, नळ दुरुस्त करावे लागतात, पण खोपोलीची योजना शंभर वर्षं उलटून गेल्यावरही चालू आहे. खोपोली, भिवपुरी आणि भिरा मिळून आज ४४७ मेगावॉटची क्षमता आहे. घरात शंभर वर्षं एक युनिटाचा बॅकअप ठेवायचा म्हटलं, तर पाच वर्षांच्या हिशेबानं वीस बॅटऱ्या लागतील.

पुढे शहराची भूक वाढली, तशी ही बेगमी अपुरी पडू लागली. १९५६ मध्ये ट्रॉम्बेचं औष्णिक वीजघर आलं, साठीच्या दशकात कोयनेची वीज आली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, तिथलं वीजघर बंद पडलं आणि त्याचा झटका मुंबईच्या उद्योगांना बसला. दूरच्या एकाच ठिकाणावर विसंबण्यातला धोका त्या दिवशी शहराला कळला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईसाठी जी ‘आयलँडिंग’ व्यवस्था आखली गेली, तिच्यामागचा विचार अगदी सरळ होता. राज्याच्या जाळ्यात मोठा बिघाड होऊन विजेची वारंवारता ठरावीक पातळीखाली घसरली, की मुंबईला बाहेरच्या जाळ्यापासून आपोआप तोडायचं, थोडा भार तत्काळ उतरवायचा आणि ट्रॉम्बे व सह्याद्रीतल्या संचांवर उरलेलं शहर चालतं ठेवायचं. पूर्वी खाडी आणि समुद्र यांनी मुंबईला बेट केलं होतं, या व्यवस्थेनं विजेच्या बाबतीत तिला पुन्हा बेट केलं. वरळीच्या किल्ल्याखालच्या घरांत पंखा फिरत राहिला तो या व्यवस्थेमुळे. घरात काही ठेवावं लागलं नाही, काही भरावं लागलं नाही, काही बदलावं लागलं नाही. बॅकअप कधी दिसलाच नाही, म्हणून तो आहे हेही पुष्कळांना माहीत नव्हतं.

उरलेल्या महाराष्ट्राची कहाणी याच्या उलट. २००१ मध्ये दाभोळचा एन्रॉन प्रकल्प बंद पडला, नवी वीजघरं वेळेवर उभी राहिली नाहीत, आणि २००५ पासून राज्यात भारनियमन मुक्कामाला आलं. त्याच वर्षी वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण निघाली, आणि गळती व वसुलीच्या आकड्यांवर गावांचे गट पाडून कोणाला किती तास अंधार हे ठरू लागलं. ग्रामीण भागात बारा-बारा तास वीज नसे. पुण्यानं २००६ मध्ये वेगळी वाट काढली. कारखान्यांनी आपले जनरेटर टंचाईच्या तासांत चालवायचे, त्या महाग विजेचा जास्तीचा खर्च शहरातल्या ग्राहकांनी वाटून उचलायचा, आणि शहराचं भारनियमन टाळायचं. म्हणजे पुण्यानंही सामायिक बेगमीचाच मार्ग धरला, फक्त पाण्याऐवजी डिझेलनं. ज्यांना हे जमलं नाही, त्या शेकडो गावांत आणि तालुक्यांत प्रत्येक घरानं आपापला उपाय केला, आणि तो म्हणजे इन्व्हर्टर.

बॅटरीच्या आयुष्याबद्दल महाराष्ट्राला जे कळलं, ते याच वर्षांत. शिसं-आम्लाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ मध्ये बनवली, आणि तिचा गाभा आजही तोच आहे. एक पट्टी शिशाच्या ऑक्साइडची, दुसरी स्पंजासारख्या शिशाची, मध्ये पातळ गंधकाम्ल. वीज काढली की दोन्ही पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट जमतं, चार्ज केली की ते विरतं. दिवसाला आठ-दहा तास लाईट नसेल तर बॅटरी रोज खोल उतरते, आणि मिळालेल्या थोड्या वेळात पूर्ण भरत नाही. मग न विरलेलं सल्फेट कडक होऊन पट्टीवर चिकटून बसतं आणि बॅटरी ‘बसते’. चपट्या पट्ट्यांच्या बॅटऱ्या मराठवाड्यात दोन-तीन वर्षांत हात टेकत, म्हणून जरा महागडी ‘ट्यूब्युलर’ बॅटरी खपू लागली. तिच्यात धन पट्टीतला कस सच्छिद्र नळ्यांत कोंबलेला असतो, त्यामुळे तो गळून तळाला साचत नाही. उन्हाळ्याचा मार वेगळाच. बॅटरीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. अकोल्याच्या मे महिन्यात बंद माळ्यावर ठेवलेल्या बॅटरीचं काय होत असेल, ते सांगायला नको.

आता पुन्हा वरळीला यावं, कारण इथं बॅटरी वेगळ्या कारणानं मरते. कोळीवाड्याला बॅटरी घरात नवी असेल, होडीवर नाही. पन्नासच्या दशकानंतर राज्यात मासेमारीचं यांत्रिकीकरण सुरू झालं. शिडाची जागा डिझेल इंजिनानं घेतली आणि पुढे इंजिनाच्या स्टार्टरपासून दिवे, वायरलेस, जीपीएस, मासे शोधणारं यंत्र इथपर्यंत सगळं होडीवरच्या बॅटरीवर आलं. तिथं नाखवाला आणि खलाशाला एक गोष्ट पक्की कळते: इंजिन मारायची बॅटरी आणि दिवे जाळायची बॅटरी यांचा स्वभाव वेगळा. पहिलीच्या पट्ट्या पातळ असतात. तिनं क्षणभर मोठा जोर द्यायचा आणि लगेच भरून घ्यायचं. तिच्यावर रात्रभर दिवे लावले तर काही महिन्यांत तिचा निकाल लागतो. जुनी गाडीची बॅटरी इन्व्हर्टरला जोडून पैसे वाचवू पाहणाऱ्या घरांचं हेच होतं. दुसरी गोष्ट पावसाळ्याची. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते आणि इंजिन बंद असतं. शिसं-आम्लाची बॅटरी नुसती ठेवली तरी स्वतःहून हळूहळू उतरते. एकसष्ट दिवस चार्जिंगशिवाय राहिली, तर ऑगस्टमध्ये ती जुलैतल्यापेक्षा म्हातारी झालेली असते. तिला बंदीच्या दिवसांत अधूनमधून चार्जरवर लावावंच लागतं. म्हणजे बॅटरी कामानं मरते तशी रिकामं बसूनही मरते.

मुंबई बेटावरच्या घरगुती इन्व्हर्टरला हा दुसरा नियम लागू पडतो. लाईट क्वचित जाते, म्हणून बॅटरी वर्षभर भरलेलीच राहते. चार्जर तिच्यात सतत थोडा-थोडा प्रवाह ढकलत असतो, त्यामुळे पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन उडून जातात आणि पातळी खाली येते. झाकणावरचा रंगीत तरंगता दर्शक लाल रेघेखाली गेला, तर डिस्टिल्ड वॉटर घालायला हवं. पण वर्षात दोनदाच लाईट जाणाऱ्या घरात त्या झाकणाकडे बघतो कोण? पट्टीचा वरचा भाग उघडा पडला की तो कायमचा निकामी. त्यातून कोळीवाड्याची खारट हवा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी धरते, जोड सैल होतो, चार्जिंग अर्धवट होतं, आणि एके रात्री लाईट गेल्यावर कळतं की पाच वर्षं पैसे भरून ठेवलेली बेगमी केव्हाच संपली होती. बोळात एकाला एक लागून घरं, दहा बाय बाराच्या खोलीत चूल, पलंग, टीव्ही. तिथं वायू सोडणारी बॅटरी हवेशीर ठिकाणी ठेवा, हा सल्ला पाळायचा कुठे? मराठवाड्यातली बॅटरी वापरून संपते, मुंबईतली बहुधा वापराविना. दोन्हीकडे आयुष्य पाच वर्षांच्या आसपासच, आणि दोन्हीकडे जुनी बॅटरी भंगारवाल्याकडे जाते. शिसं पुन्हा वापरता येतं, हे खरं. पण अनधिकृत भट्टीत ते वितळवणाऱ्या मजुराच्या रक्तात आणि आजूबाजूच्या मातीत किती उतरतं, हे बॅटरीच्या किमतीत धरलेलं नसतं. २००१ मध्ये जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम आले, २०२२ मध्ये उत्पादकांवर अधिक कडक जबाबदारी टाकणारे नियम आले. तरी भंगारवाला दारावर येतो आणि नगद देतो.

सामायिक साठवण बरी, या माझ्या मतावर पहिला आक्षेप १२ ऑक्टोबर २०२० चा. त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा बाजूच्या वाहिन्या एकामागून एक बाद झाल्या, मुंबईचा दोन हजार मेगावॉटहून जास्त पुरवठा कोसळला, आणि ज्या आयलँडिंगवर शहराचा भरवसा होता तीही त्या दिवशी टिकली नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या, मुंबई विद्यापीठाला ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. कोविडचे दिवस. ज्या कोळीवाड्याला मार्च २०२० च्या अखेरीस शहरातल्या पहिल्या काही वस्त्यांबरोबर सील केलं गेलं होतं, तिथल्या मुलांच्या शाळा तेव्हा मोबाइलवर भरत होत्या. सामायिक व्यवस्था अशी दगा देणार असेल तर घरात बॅटरी ठेवणं हेच शहाणपण, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा वरकरणी बिनतोड वाटतो. पण त्या दिवशी काय फसलं, ते पाहावं. मुंबईची मागणी शहराच्या आतल्या वीजनिर्मितीच्या कितीतरी पुढे गेली होती, आणि बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या त्या मानानं थोड्या होत्या. म्हणजे सामायिक बेगमीची कल्पना चुकली नव्हती, तिच्यात भर घालणं आपण थांबवलं होतं. खारघर ते विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली; ती कित्येक वर्षं आधी यायला हवी होती. शिवाय इन्व्हर्टरनं त्या दिवशी किती साधलं असतं? दोन-चार तासांचे दिवे आणि पंखे. लोकल, पाण्याचे पंप, मासळीचा बर्फ करणारे कारखाने त्यावर चालत नाहीत. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीत कित्येक गावं आठवड्यानुआठवडे अंधारात होती. तिथल्या घरांतल्या बॅटऱ्या पहिल्याच रात्री रित्या झाल्या आणि मग त्या भरायला वीज कुठून आणणार?

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो, आणि तो मुळशीचा आहे. मुंबईची ही बेगमी कोणाच्या शेतात ठेवली गेली? १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशीच्या मावळ्यांनी धरणाच्या जागी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्याचे पुढारी होते. मुळशी खोऱ्यातली आंबेमोहराची भातशेतं, गावं, देवळं पाण्याखाली जाणार होती. लढा तीन वर्षं चालला, लोक तुरुंगात गेले, बापटांना दीर्घ शिक्षा झाली, आणि धरण झालंच. १९२७ मध्ये त्याच धरणाच्या पाण्यावरची भिऱ्याची वीज मुंबईला गेली. गिरण्या आणि पुढे आपली घरं त्या पाण्यावर उजळली हे सांगताना, ज्यांची घरं बुडाली त्यांच्याकडे पुष्कळ वर्षं वीजही नव्हती, हे सांगणं भाग आहे. यावरून सामायिक साठवण नको, असा निष्कर्ष मी काढत नाही. त्या साठवणीची किंमत ठरवताना मावळ्यांना विचारलं गेलं नाही, हा तिच्यातला अन्याय होता. घराघरांत बॅटरी ठेवल्यानं किंमत नाहीशी होत नाही, ती फक्त शिसं वितळवणाऱ्या भट्टीजवळच्या वस्तीकडे सरकते.

लिथियमनं हे सगळं बदललं, असंही म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी तीन हजारांहून अधिक वेळा भरता-उतरवता येते, तिला पाणी लागत नाही, ती आम्लाची वाफ सोडत नाही. खारट हवेच्या कोंदट खोलीत ती शिशापेक्षा नक्कीच बरी. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेला रुग्ण असेल, तर अशी बॅटरी ठेवायलाच हवी; तिथं सामायिक व्यवस्थेची वाट पाहा, असं कोणी कोणाला सांगू नये. वायफायच्या राउटरला लावायचा हातात मावणारा यूपीएस हीदेखील आता खरी गरज झाली आहे. पण या अपवादांवरून प्रत्येक घराला बॅटरी, हा नियम निघत नाही. वर्षातून चार तास लागणाऱ्या विजेसाठी तीन हजार फेऱ्यांची ताकद पलंगाखाली पडून राहील, आणि दहा-बारा वर्षांत ती फेऱ्यांविनाच, नुसत्या वयानं म्हातारी होईल. तीच बॅटरी उपकेंद्रात बसली तर रोज संध्याकाळी कामाला येईल. वरळीच्या उंच इमारतींना लिफ्ट आणि आगीच्या पंपांसाठी डिझेल जनरेटर ठेवावाच लागतो. त्यांच्या शेजारी असलेल्या कोळीवाड्याला असं काही नाही. तिथं दर घराला एक इन्व्हर्टर घेण्यापेक्षा मच्छीमार सोसायटी, दवाखाना आणि बर्फाची साठवण यांना मिळून एक सामायिक साठा ठेवणं हे या वस्तीच्या आजवरच्या रीतीला धरून आहे, आणि देखभालीला माणूस ठेवणंही त्यातच परवडतं.

शहराच्या पातळीवर हीच दिशा पुन्हा धरली जाऊ लागली आहे. भिऱ्याला गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात १५० मेगावॉटचा उदंचन संच बसला. मागणी कमी असेल तेव्हा तो खालचं पाणी वर चढवतो आणि संध्याकाळी तेच पाणी पुन्हा खाली सोडतो. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि राज्य सरकार यांच्यात २,८०० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांचा करार झाला: शिरवट्याला १,८०० आणि भिवपुरीला १,०००. सूर्य आणि वाऱ्याची वीज वाढेल, तशी रात्रीची तजवीज याच डोंगरांत करायची आहे. शिरवटा हा तोच तलाव, ज्याचं पाणी शतकभर खोपोलीला उतरतं आहे. मावळातल्या गावांना या वेळी वीज, पाणी आणि जमिनीचा मोबदला यांबद्दल आधी विचारलं जावं आणि त्यांच्या ग्रामसभांचे ठराव प्रकल्पाच्या कागदांत यावेत, एवढी अट मुंबईनं स्वतःहून घालायला हवी. वरळीच्या कोळ्यांना सागरी मार्गाच्या पुलाखालून होड्या जाव्यात म्हणून दोन खांबांतलं अंतर वाढवून मागावं लागलं आणि वर्षानुवर्षं भांडून ते १२० मीटर करून घ्यावं लागलं. मावळावर तशी पाळी येऊ नये.